पोर्टची पारख

'पोर्ट वाइन' हे नाव आपल्या समाजात कुणालाही नवे नाही. नाताळ जवळ आला की गोव्याहून येणारा एखादा नातलग केक-करंज्यांच्या ताटाशेजारी ठेवायला म्हणून एक बाटली हमखास घेऊन येतो. आजारातून उठलेल्या माणसाला 'रक्त वाढते' या समजुतीने ती चमचाभर पाजणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. रंगाने लाल, चवीला गोड, किमतीला स्वस्त, अशी ही बाटली असते. मात्र जिचे नाव तिने धारण केले आहे त्या वाइनशी तिचा संबंध बहुधा नावापुरताच असतो. खरे पोर्ट कोणते, हा प्रश्न काही आजचा नव्हे. गेली साडेतीनशे वर्षे तो विचारला जात आहे, आणि त्या प्रश्नापायी कायदे झाले, झाडे मुळासकट उपटली गेली, माणसे फासावर गेली. जिभेवर एक घोट ठेवून तो ओळखण्याची जी विद्या पुढे निर्माण झाली, तिची मुळे याच तंट्यात आहेत. म्हणून या वाइनची चव कशी घ्यावी हे सांगण्याआधी तिचा इतिहास सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. पोर्तुगीज अमदानीत वसईच्या किल्ल्यातले फिदाल्गो पोर्ट पीत असतील, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत असते. डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने ती जिंकली. या दोनशे वर्षांत लिस्बनच्या जहाजांतून द्राक्षारसाची पिंपे इकडे येत असत यात शंका नाही. मिस्साबलीसाठी तो लागतच असे. पण आज आपण ज्याला पोर्ट म्हणतो तो गोड आणि मद्यार्काने कडक केलेला प्रकार वसई हातची गेली तेव्हा अजून घडत होता. ज्या कायद्याने त्याला घडण आली तो १७५६ सालचा, म्हणजे वसई पडल्यानंतर सतरा वर्षांनी झालेला. तेव्हा पोर्ट हा आपल्या पूर्वजांचा वारसा नव्हे. तो पोर्तुगालच्या उत्तरेकडील एका खडकाळ नदीखोऱ्याचा वारसा आहे.

त्या नदीचे नाव दोरो. स्पेनमध्ये उगम पावून ती पश्चिमेकडे वाहते आणि पोर्टो शहरापाशी अटलांटिकला मिळते. या पोर्टो शहरावरून वाइनला नाव मिळाले. खुद्द पोर्तुगाल देशाचे नावही याच बंदराच्या जुन्या 'पोर्तुस काले' या नावावरून आले. मात्र द्राक्षे पोर्टोत पिकत नाहीत. समुद्राकडून येणारे पावसाचे ढग मारांव नावाच्या डोंगररांगेने अडतात, आणि तिच्या पलीकडे उष्ण, कोरडा, उघडाबोडका मुलूख सुरू होतो. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असे तिथले लोक आपल्या हवेचे वर्णन करतात. जमीन म्हणावी तर ती नाहीच. पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक आहे, त्याला शिस्ट म्हणतात. हा खडक पहारीने फोडून, फुटलेल्या दगडांचे गडगे रचून, डोंगराच्या कुशीत मजग्या काढल्या गेल्या आणि त्यांवर वेली लावल्या गेल्या. खडकाच्या उभ्या भेगांतून वेलीची मुळे पाण्याच्या शोधात कित्येक मीटर खाली जातात. कोकणात ज्यांनी गडगे आणि मजग्या पाहिल्या आहेत त्यांना या श्रमांची कल्पना येईल. फरक एवढाच की इथे माती शोधायची नसून दगडाचीच माती करायची असते. युनेस्कोने २००१ साली या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती निसर्गाबरोबर मानवी श्रमांनी घडवलेला मुलूख म्हणून.

या दुर्गम खोऱ्यातील वाइन जगाला माहीत झाली ती इंग्रज आणि फ्रेंच यांच्या वैरामुळे. इंग्लंडमध्ये द्राक्षे फारशी पिकत नाहीत, आणि पिणारे मात्र पुष्कळ. त्यांची ओढ फ्रेंच वाइनकडे. १६७८ साली इंग्लंडने फ्रेंच मालावर बंदी घातली, तेव्हा व्यापारी दक्षिणेकडे वळले. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एकतृतीयांशाने कमी ठेवण्याचे ठरले आणि बदल्यात इंग्लंडचे लोकरी कापड पोर्तुगालात मोकळेपणी येऊ लागले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली दिलेले इंग्लिश कापड आणि पोर्तुगीज वाइन यांचे उदाहरण आठवत असेल. ते केवळ कल्पनेतून आलेले नव्हते.

आता गोडीची गोष्ट. असे सांगतात की १६७८ च्या सुमारास इंग्रज व्यापाऱ्यांचे दोन तरुण पुत्र लामेगो येथील एका मठात उतरले असता तिथल्या मठाधिपतींनी त्यांना विलक्षण मऊ आणि गोड वाइन दिली. रहस्य विचारता, आंबत असतानाच तिच्यात ब्रँडी घालतो, असे त्यांनी सांगितले. कथा गोड आहे. पण तिच्यात मठाचे नाव आले एवढ्यावरून आम्ही ती खरी धरून चालणार नाही. त्या काळातील बहुतेक पोर्ट वाइन आजच्यासारखी गोड नव्हतीच. समुद्रप्रवासात ती नासू नये म्हणून पिंपात थोडी ब्रँडी ओतीत, एवढेच. आंबण्याची क्रिया मध्येच थांबवून द्राक्षातली साखर राखून ठेवायची, ही रीत हळूहळू रुळली आणि सार्वत्रिक व्हायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १८२० चा हंगाम असा काही लाभला की त्या साली वाइन आपोआपच गोड आणि दाट झाली. गिऱ्हाइकांना ती इतकी आवडली की पुढच्या वर्षी त्यांनी तशीच मागितली. निसर्गाने एकदा दिलेले दरवर्षी हवे असेल तर माणसाला युक्ती करावी लागते. ब्रँडीचे प्रमाण वाढले, त्यामागे हे एक कारण होते.

ती क्रिया समजून घेतल्याशिवाय चव समजत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. द्राक्षाचा रस आंबतो म्हणजे काय होते, तर त्यातील सूक्ष्म यीस्ट साखर खाऊन तिचा मद्यार्क करते. रस पूर्ण आंबू दिला तर साखर संपते आणि वाइन गोड राहत नाही. पोर्ट करणारा मात्र जवळजवळ निम्मी साखर शिल्लक असतानाच रसात द्राक्षांचाच सत्त्याहत्तर टक्क्यांचा मद्यार्क ओततो. ठोकळ मानाने चार भाग रसाला एक भाग. एवढ्या कडक द्रवात यीस्ट जगत नाही. आंबणे थांबते, साखर तशीच राहते, आणि तयार वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण एकोणीस ते बावीस टक्के होते. साधी वाइन बारा-चौदा टक्क्यांची असते, हे लक्षात घ्यावे.

यामुळे एक अडचण उभी राहते. साधी लाल वाइन आठवडाभर किंवा त्याहून अधिक सालींसकट आंबत राहू शकते आणि तेवढ्या वेळात सालींतील रंग व तुरटपणा रसात उतरतो. पोर्टला मिळतात अवघे दोन-तीन दिवस. तेवढ्यात सालींतले सर्वस्व काढून घ्यायचे, पण बिया फुटू द्यायच्या नाहीत, कारण बी फुटली की कडूपणा येतो. यावर माणसाच्या पायाहून चांगले साधन फार काळ सापडले नाही. ग्रॅनाइटच्या उथळ हौदात मांडीपर्यंत द्राक्षे भरतात. तुडवणारे खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून रांगेने उभे राहतात आणि पहिले दोन तास एका लयीत, एक-एक पाऊल मोजून पुढे सरकतात. या टप्प्याला 'कापणी' या अर्थाचे नाव आहे. नंतर 'स्वातंत्र्य' पुकारले जाते, वाद्य वाजू लागते, आणि मंडळी मोकळेपणाने नाचत तुडवतात. आता बहुतेक ठिकाणी यंत्रे आली असली तरी काही नामवंत मळ्यांत उत्तम द्राक्षे अजूनही पायांनीच तुडवली जातात. हे सारे दिवसभराच्या तोडणीनंतर, रात्री. पन्नास-साठ किलोंच्या टोपल्या खांद्यावर घेऊन डोंगर उतरलेली तीच माणसे रात्री हौदात उतरत असत. पेल्यातील त्या जांभळ्या रंगाचे कौतुक करणाऱ्यांनी तो कुणाच्या पायांनी काढला हेही जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

लोकप्रियता वाढली तशी लबाडी वाढली. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हलक्या वाइनमध्ये रंगासाठी एल्डर नावाच्या झाडाची काळी फळे पिळली जाऊ लागली, साखर घातली जाऊ लागली, बाहेरच्या मुलखातली वाइन दोरोची म्हणून खपू लागली. गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला, किंमती कोसळल्या. शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांना दोष दिला, व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांना. अशा वेळी पुढे आला तो राजा जोसे याचा मंत्री सेबास्तियांव जोसे दि कार्व्हाल्यो. १७६९ नंतर मिळालेल्या पोंबालचा मार्किस या किताबानेच तो इतिहासात ओळखला जातो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाले, आणि ते पुन्हा उभारताना या माणसाच्या हाती सारी सत्ता एकवटली. १० सप्टेंबर १७५६ रोजी त्याने दोरो वाइनसाठी एक सरकारमान्य कंपनी स्थापन केली. खोऱ्याची सीमा आखण्यात आली. इंग्लंडला पाठवण्याजोगी वाइन कोणत्या मळ्यातली आणि देशात विकायची कोणत्या, हे ठरवून दिले गेले. १७५८ ते १७६१ या काळात सीमेवर ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब उभे राहिले. प्रत्येकावर साल आणि 'फैतोरिया' हा शब्द कोरलेला. एल्डरची झाडे उपटून टाकण्याचा हुकूम सुटला. इटलीतील कियांती आणि हंगेरीतील तोकाय यांच्या सीमा याआधी आखल्या गेल्या होत्या. पण पिकापासून विक्रीपर्यंत सारे नियमांत बांधणारी इतकी पक्की व्यवस्था वाइनच्या इतिहासात दोरोनेच प्रथम पाहिली.

ही व्यवस्था फुकट आली नाही. पोर्टो शहरात वाइन किरकोळीने विकण्याचा हक्कही कंपनीकडे गेला, आणि शेकडो गुत्तेवाल्यांचा धंदा बुडाला. २३ फेब्रुवारी १७५७ रोजी शहरात दंगा उसळला. त्या दिवशी राखेचा बुधवार होता. ज्या सकाळी कपाळावर राख घेऊन लोकांनी घरी जावयाचे, त्या सकाळी ते कंपनीच्या अधिकाऱ्याच्या घरावर चालून गेले. सरकारने या प्रकाराला दंगा न मानता राजद्रोह मानले. सैन्य आणले, खटले चालवले, आणि त्याच वर्षी डझनाहून अधिक जणांना फाशी दिले. मृत्युदंडाची शिक्षा झालेल्यांत स्त्रियाही होत्या. कंपनीचे नुकसान काही काचांचे आणि कागदांचे. त्याची ही किंमत. याच माणसाने दोन वर्षांनी, १७५९ साली, येशूसंघाला पोर्तुगालच्या साऱ्या मुलखांतून हद्दपार केले. ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स ज्या संघाचे, त्या संघाची गोव्यातील शतकांची परंपरा त्या हुकुमाने तुटली. तेव्हा पोंबालविषयी आम्ही निःपक्षपाती आहोत असा दावा आम्ही करीत नाही. तरीही न्यायाने बोलायचे तर हे मान्य केले पाहिजे की त्याने रोवलेले खांब नसते तर दोरोचे नाव भेसळीत बुडून गेले असते. त्यांतले शंभराहून अधिक आजही मळ्यांत उभे आहेत.

यापुढच्या शतकातील दोन माणसांची गाठ घालून न देता पुढे जाणे योग्य होणार नाही. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी १८३१ साली पोर्टोला आला. त्याने दोरोचे खोरे पायाखाली घातले आणि नदीचा इतका तपशीलवार नकाशा काढला की पुढे पोर्तुगालच्या राजाने त्याला बॅरन केले. १८४४ साली त्याने निनावी पुस्तिका काढून आपल्याच व्यापारी बांधवांवर तोफ डागली. त्याचे म्हणणे असे की एल्डरची फळे आणि गोडी हीच काय, पण आंबण्याच्या मध्येच ओतलेली ब्रँडीसुद्धा भेसळच. खरी दोरो वाइन ती, जी स्वतःच्या बळावर आंबते आणि टिकते. त्याच्या काळातल्या लोकांनी त्याचे ऐकले नाही. दुसरी व्यक्ती दोना आंतोनिया फेरैरा. जन्म १८११, मृत्यू १८९६. तरुणपणी वैधव्य आल्यावर तिने मळ्यांचा कारभार हाती घेतला आणि खोऱ्यातील सर्वांत मोठी मळेवाली झाली. आपल्या अल्पवयीन मुलीला एका बलाढ्य सरदाराच्या मुलाशी लग्न करायला भाग पाडले जात आहे हे पाहून मुलीसह इंग्लंडला निघून जाणारी ही बाई. १२ मे १८६१ रोजी ही दोघे एकाच नावेत होती. वालैरा येथील खळाळात नाव उलटली. फॉरेस्टरचा देहही सापडला नाही. कमरेला बांधलेल्या नाण्यांच्या पट्ट्याने तो खाली ओढला गेला असे सांगतात. दोना आंतोनिया वाचली, आणि तिच्या घेरदार झग्यांनी तिला तरंगत ठेवले असे म्हणतात. नाणी बुडाली आणि झगे तरले, ही कथा लोकांनी जपून ठेवली आहे यात नवल नाही. वालैराला १९७६ साली धरण झाले आणि तो खळाळ शांत पाण्याखाली गेला. पिंपे वाहून आणणाऱ्या सपाट तळाच्या राबेलो नावाही धरणांच्या काळात धंद्यातून गेल्या. आता त्या पोर्टोसमोर शोभेला बांधलेल्या दिसतात.

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने खोऱ्यातील वेलींची मुळे खाल्ली आणि मळेच्या मळे ओसाड झाले. अमेरिकन वेलीच्या मुळावर कलम करण्याचा उपाय लागू पडला खरा, पण काही मजग्या पुन्हा कधीच लावल्या गेल्या नाहीत. त्यांना तिथले लोक स्मशानाच्या अर्थाच्या शब्दाने ओळखतात.

फातिमाच्या यात्रेला जोडून काही वर्षांपूर्वी आम्हांला पोर्टोला जाण्याचा योग आला. शहरासमोर, नदीच्या दुसऱ्या तीरावर व्हिला नोव्हा दि गाया नावाची वस्ती आहे. तिथल्या लांबलचक, दमट, अंधाऱ्या कोठारांत पोर्ट मुरते. वरच्या खोऱ्यात उन्हाळा फार कडक असल्याने वाइन खाली समुद्राच्या गारव्यात आणून ठेवण्याची परंपरा पडली, आणि १९८६ पर्यंत तर परदेशी जाणारे सर्व पोर्ट गायातूनच पाठवण्याचा कायदा होता. एका कोठारात आमच्या यात्रेकरूंपुढे तीन छोटे पेले ठेवले गेले. आमच्यातील एक मावशी, जन्मभर वाडीत राबलेल्या, त्यांनी पहिला घोट घेतला आणि विचारले, "फादर, ह्यात किती साखर घातली असेल हो?" वरून साखर मुळीच घातलेली नाही, आहे ती द्राक्षाचीच, हे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा पेला नाकाशी नेला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही मधली आहे ना, हिला सुकेळ्यांचा वास येतो." माहिती देणाऱ्या तरुणाने आपल्या यादीप्रमाणे अक्रोड, अंजीर, संत्र्याची साल अशी नावे सांगितली होती. वसईची सुकेळी त्याला कुठून ठाऊक असणार! पण मावशींची पारख त्याच्या यादीपेक्षा काकणभर सरसच होती, असे आमचे मत आहे.

ती मधली म्हणजे टॉनी. पोर्टची दोन मुख्य कुळे आहेत आणि ती ओळखली की अर्धी पारख झाली. एक कूळ पिंपात मुरते. साडेपाचशे लिटरच्या लाकडी पिंपात, लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेत, वाइन वर्षानुवर्षे राहते. तिचा लाल रंग हळूहळू उतरत विटकरी, मग पिवळसर तपकिरी होतो. ताज्या फळाचा वास जाऊन सुक्या मेव्याचा, मधाचा, जुन्या लाकडाचा वास येतो. बाटलीवर दहा, वीस, तीस, चाळीस वर्षे असे लिहिलेले असते. निरनिराळ्या सालांच्या मिश्रणाला सरासरी तेवढ्या वयाची प्रौढी आली आहे, असा त्याचा अर्थ. दुसरे कूळ बाटलीत मुरते. त्यांत श्रेष्ठ ते व्हिंटेज पोर्ट. हंगाम असामान्य असला तरच ते 'जाहीर' केले जाते, दशकातून सुमारे तीन वेळा. १९६३, १९९४, २०११ ही गाजलेली साले. अवघी दोन-तीन वर्षे पिंपात ठेवून ते बाटलीत भरतात आणि मग वीस, तीस, पन्नास वर्षे अंधारात आडवे ठेवून देतात. बाटलीत हवा नाही, त्यामुळे ते फार सावकाश वयात येते. तरुणपणी ते शाईसारखे काळे आणि जीभ आवळून टाकणारे तुरट असते. तेव्हाच पिणाऱ्याला त्यात पुढे काय होणार आहे ते कळत नाही. बाटल्या अशा आडव्या रचता येण्याजोग्या सरळ बाजूंच्या घडू लागल्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात; त्याआधी व्हिंटेज पोर्ट संभवतच नव्हते.

आता प्रत्यक्ष चवीकडे. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे वर्षानुवर्षे साचलेला गाळ तळाशी बसतो. जुने बूच बोट लावताच भुगा होण्याइतके खचलेले असते, म्हणून काही ठिकाणी तापवून लाल केलेल्या चिमट्याने बाटलीची मानच तडकवून काढतात. मग मानेमागे मेणबत्ती धरून वाइन संथपणे काचेच्या सुरईत ओतायची. मेणबत्तीच्या उजेडात गाळाची पहिली रेघ मानेपाशी आली की हात थांबवायचा. टॉनीला या सोपस्कारांची गरज नाही. तिचा गाळ पिंपातच राहिलेला असतो. ती थोडी गार असावी, व्हिंटेज सोळा ते अठरा अंशांच्या आसपास. आपल्याकडच्या मे महिन्यात नुसते टेबलावर ठेवलेले पोर्ट म्हणजे कोमट काढा.

पेला लहान, तोंडाकडे निमुळता, आणि तोही अर्ध्याहून कमी भरलेला. पांढऱ्या कापडावर तो तिरका धरून आधी कडेचा रंग पाहावा. कडा जितकी विटकरी तितके वय अधिक. मग नाक. इथे घाई करणाऱ्याला मद्यार्काचा झणका तेवढा लागतो. पेला थोडा फिरवून, जरा थांबून पुन्हा नेला की मागून फळ येते. घोट छोटा घ्यावा आणि जिभेवर थांबवावा. उत्तम पोर्टमध्ये गोडी पहिल्याने भेटते खरी, पण ती एकटी राहत नाही. तिला आंबटपणा उचलून धरतो, तुरटपणा आवर घालतो, मद्यार्क ऊब देतो. यांतले एकही उणे असेल तर उरते ते सरबत. शेवटची कसोटी घोट गिळल्यानंतरची. हलकी वाइन घशाखाली उतरली की संपते. चांगल्या पोर्टची चव मिनिटभर तोंडात रेंगाळते, आणि रेंगाळताना बदलते. गोड लाल बाटलीवर 'पोर्ट' लिहिणाऱ्यांना रंग साधतो, गोडीही साधते. हे रेंगाळणे साधत नाही.

एवढे लक्ष देऊन घेतलेला एक पेला पुरतो. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण दारूने धुळीला मिळालेली घरे आम्ही आमच्या सेवाकाळात पुष्कळ पाहिली आहेत, आणि धर्मगुरूने वाइनवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल याची आम्हांस जाणीव आहे. वीस टक्के मद्यार्काची वस्तू पाण्यासारखी प्यायची नसते. जो पेला उपडा करतो त्याला पोर्ट आणि देशी यांत फरक कळण्याचे कारण नाही, आणि त्याच्यासाठी कुणी चाळीस वर्षे थांबायचेही कारण नाही.

पोर्टोतील इंग्रज व्यापाऱ्यांनी १७९० च्या सुमारास पुरी केलेली 'फॅक्टरी हाऊस' नावाची वास्तू आजही आहे. तिच्यात सारख्याच आकाराची दोन भोजनगृहे शेजारी-शेजारी आहेत. जेवण एकीत होते. मग पाहुणे आपापले हातरुमाल घेऊन उठतात आणि दुसरीत, त्याच क्रमाने, स्वच्छ टेबलाशी बसतात, ते केवळ पोर्टच्या वासात कालवणाचा वास मिसळू नये म्हणून. इंग्रजांचे आणखी एक कर्मकांड असे की पोर्टची सुरई टेबलावर नेहमी डावीकडे फिरली पाहिजे आणि कुणापाशी अडता कामा नये. अडलीच तर ती मागायची नाही. त्या माणसाला विनयाने एवढेच विचारायचे, "नॉर्विचच्या बिशपमहाशयांना आपण ओळखता का?" ब्याण्णव वर्षे जगलेले हेन्री बाथर्स्ट नावाचे एक अँग्लिकन बिशप म्हातारपणी टेबलाशीच झोपी जात आणि सुरई त्यांच्या हाताशी राही, अशी यामागची दंतकथा. बिशपांच्या वाट्याला कीर्ती कोणत्या वाटेने येईल हे सांगता येत नाही.

पोर्ट वेदीवर चालते का, असे आम्हांस अनेकदा विचारले जाते. धर्मसभेचा नियम असा की मिस्साबलीची वाइन द्राक्षाच्या फळापासून झालेली, नैसर्गिक आणि न नासलेली असावी. वाइन टिकावी म्हणून तिच्यात द्राक्षाचाच मद्यार्क घालावा काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात रोमपर्यंत गेला होता. १८९० आणि १८९६ च्या निर्णयांनी त्याला मर्यादित परवानगी दिली. साधारण वाइन मद्यार्क धरून बारा टक्क्यांपर्यंत, आणि स्वभावतः अधिक कडक असणारी गोड वाइन अठरा टक्क्यांपर्यंत; तोही मद्यार्क आंबण्याचा जोर ओसरू लागल्यावरच घातलेला असावा. पोर्ट एकोणीस टक्क्यांपासून सुरू होते. म्हणजे ते या मर्यादेच्या बाहेर, फार दूर नव्हे, पण बाहेर. नैसर्गिक कशाला म्हणावे या वादात फॉरेस्टर आणि रोमचे धर्मपंडित, एकमेकांना न ओळखता, बरेच जवळ आलेले दिसतात. आणि फॉरेस्टरला अभिप्रेत असलेली, ब्रँडी न घातलेली दोरोची वाइनही अखेर मान्यता पावली. १९५२ साली दोना आंतोनियाच्याच घराण्याच्या नावाने चालणाऱ्या पेढीने 'बार्का वेल्या' ही तशी वाइन काढली, आणि आज खोऱ्यातील अनेक मळे पोर्टबरोबर तीही करतात.

इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत एक जुनी रीत होती. मूल जन्मले की त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याने त्या सालचे पोर्ट त्याच्या नावाने विकत घेऊन ठेवायचे. ऐपत असली तर अख्खे पिंप, म्हणजे सातशेहून अधिक बाटल्या. मूल एकवीस वर्षांचे झाले की पहिली बाटली उघडायची. आता पिंप घेणारे उरले नाहीत. एखादी पेटी घेतात. जुन्या बाटल्यांच्या एका बाजूला चुन्याचा पांढरा फराटा ओढलेला दिसतो. ती बाटली आडवी ठेवताना वर आलेली बाजू. गाळ नेहमी तिच्या समोरच्या अंगाला बसतो, आणि एकवीस किंवा पन्नास वर्षांनी बाटली उचलणाऱ्याला, ठेवणारा हयात नसला तरी, ती कोणत्या अंगाने धरायची हे त्या फराट्यावरून कळते.